ज्या चेहऱ्यावर टाचे पडले नाहीत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा जुन्या भिंतींवरची चित्रे दुरुस्त करण्याचा, हल्ली गुडघ्यांमुळे निवृत्त, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी सकाळी येऊन तशी खात्री करून घेतली. आजचा वार विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. वजाबाकी मला शाळेतही जमली नव्हती, हे ऐकल्यावर त्यांनी तो नाद सोडला आणि चहा घेतला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल असे एकच माणूस होते, ते म्हणजे माझे यजमान, आणि त्यांना जाऊन चार वर्षे झाली.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात सगळा संसार एका पानात मावतो. माझा मावणार नाही, कारण कोणाला काय हे सांगून भागत नाही, का तेही सांगावे लागते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनीच करावी. त्यांनी लांबीबद्दल कुरकुर केली आहे, ती मी ऐकून घेतली आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, म्हणजे तीन खोल्या, मागचे अंगण आणि जिन्याखालची अडगळ, मी माझ्या भाचीला देते. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. शहराच्या रस्त्यांवर बस चालवते आणि वळणावर शिव्या देत नाही, एवढे तिच्याविषयी पुरे. मागच्या खोलीच्या भिंतीला दरवर्षी ओल येते. तिथे चकचकीत रंग लावू नये, चुनाच लावावा. भिंतीला श्वास घेऊ दिला की ती आपले दुखणे आपण काढते. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. घर माणसासाठी असते, माणूस घरासाठी नव्हे. हे वाक्य यजमानांचे. त्यांचे आहे म्हणून नव्हे, खरे आहे म्हणून ऐकावे.

कलम दुसरे. स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ माझ्या नणंदेला. आमचे लग्न ठरताना त्यांनी चारचौघांत विचारले होते की मुलगी करते काय, आणि उत्तर ऐकून म्हणाल्या होत्या, "म्हणजे गवंडीच की." पुढे आयुष्यभर त्यांच्याकडे जेवायला गेले की उशीर झाला म्हणायच्या. त्यांच्यासाठी म्हणून मी हे घड्याळ दहा मिनिटे पुढे लावून ठेवले, तरी त्यांचे म्हणणे बदलले नाही. आता घड्याळ त्यांच्याकडे राहील आणि उशीर माझ्याकडे. गवंडी म्हटल्याचा राग मात्र मी केव्हाच सोडला. गवंडी असणे ही काय चीज आहे, ते चौथ्या कलमात येईल.

कलम तिसरे. माझी हत्यारे, म्हणजे लाकडी मुठीच्या सुऱ्या, सगळे कुंचले, भिंतीत पातळ चुना सोडायच्या पिचकाऱ्या आणि लहान हातोडी, ही माझ्या शिष्येला. ती संग्रहालयात कामाला आहे आणि माझ्यापेक्षा हलक्या हाताची आहे. मागच्या अंगणातले चुन्याचे पिंपही तिचेच. तो चुना माझ्या गुरूंनी भिजत घातलेला आहे. चुना पाण्याखाली जितका मुरतो तितका मऊ आणि चिवट होतो. म्हाताऱ्या माणसांना हे सांगायला मला आवडते. त्यावर पाणी कमी होऊ देऊ नये. माझे सर्वांत चांगले हत्यार उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर, ते देता येत नाही. त्याने भिंतीवर टकटक केली की गिलावा कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ, हे कळते.

कलम चौथे. बँकेत माझ्या नावावर जे काही निघेल ते सगळे, गावातल्या जुन्या प्रार्थनाघराच्या पूर्वेकडच्या भिंतीसाठी आणि तिच्या डोक्यावरच्या छपरासाठी. भाचीला हे चमत्कारिक वाटेल, कारण तिने आत्याला तिथे हात जोडताना कधी पाहिलेले नाही. म्हणून नीट सांगते.

माझा धाकटा भाऊ ते प्रार्थनाघर सांभाळतो. दारे उघडणे, झाडलोट करून घेणे, आलेल्या माणसाला धीराचे दोन शब्द सांगणे, हे त्याचे काम. घरात सगळे त्याला बाळ म्हणतात, आणि तो आता सत्तरीचा आहे. माझे यजमान इतिहासाचे प्राध्यापक. माणसाने कोणकोणत्या काळात सुख कशाला म्हटले, हा त्यांचा जन्माचा विषय. ते सांगायचे की एके काळी नशिबाने पाठ फिरवली नाही की त्याला सुख म्हणत. मग कोणी म्हणाले, गरजा कमी करा, तेच सुख. मग ते मेल्यावर मिळते असे ठरले. मग ते प्रत्येकाच्या हक्काचे झाले. आणि आता दुकानात मिळते. माणूस मात्र दर वेळी नव्याने खात्री बाळगून असतो.

या दोघांचे एकदा आमच्याच जेवणाच्या टेबलावर बिनसले. यजमान म्हणाले, तुमच्याकडे लोक समजून घ्यायला येत नाहीत, समजूत काढून घ्यायला येतात. बाळ म्हणाला, दाजी, तुमच्या विद्यार्थ्यांना सुखाबद्दल सगळं ठाऊक असतं आणि झोप गोळीशिवाय येत नाही. दोघांचेही खरे होते, म्हणून दोघांनाही लागले. पुढे कित्येक वर्षे ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. समोरासमोर बसलेले असले तरी "तुझ्या भावाला मीठ दे" आणि "दाजींना विचार, पाणी हवंय का."

अशात एका सकाळी बाळ दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, ताई, दार लावलं की भिंत बोलते. मी त्याच दिवशी गेले.

त्या भिंतीवर एक मोठे चित्र आहे. हातात दिवा धरून उभी असलेली एक बाई. ती कोण, हे कोणाला नक्की माहीत नाही. गाव तिला दिवेवाली म्हणते. ज्याच्यावर काही कोसळले तो येऊन तिच्यापुढे उभा राहतो. माझी आई उभी राहिली होती, तिची आईही. मी पेराने टकटक करत वरून खाली आले. खांदे भरीव, चेहरा भरीव. दिव्याच्या खाली, छातीशी, परातीएवढ्या जागेत भिंत पोकळ वाजली. तिथला गिलावा मागच्या भिंतीपासून सुटला होता आणि नुसत्या कडांवर तोलून राहिला होता. दाराचा आणखी एखादा दणका बसता तर तो खाली येऊन कोणाच्या तरी डोक्यावर फुटला असता, आणि दिवेवालीही गेली असती.

आत पातळ चुना सोडून चिकटवून टाकावे, तर मागे इतकी मोकळी जागा होती की त्या ओझ्यानेच तुकडा खाली आला असता. तो अख्खा उतरवून, पाठ दुरुस्त करून परत बसवण्यावाचून इलाज नव्हता. मी चित्रावर बारीक कागद आणि कापड खळीने चिकटवले, कडेने आधीच्याच भेगेतून सुरी फिरवली. जाड गादी घातलेली फळी खालून धरायला दोन माणसे हवी होती, घाईगडबड न करणारी आणि भिंतीवर जीव असणारी. अशी गावात दोनच होती. मी दोघांनाही बोलावले, आणि दुसराही येणार आहे हे एकालाही सांगितले नाही.

तुकडा सुटला, फळीवर आडवा झाला. दोघांचे चारही हात खाली गुंतलेले. आणि मागे, दिवसाच्या उजेडात, एक चेहरा होता.

माझ्या धंद्यात मी खूप चेहरे पाहिले. देवांचे, राजांचे, देणगीदारांचे. हा तसा नव्हता. मध्यम वयाचे कोणीतरी, पुरुष की बाई ते सांगता येणार नाही, मान जरा वळलेली, ओठ किंचित उघडे. एखादी गोष्ट समजता समजता माणसाचा चेहरा क्षणभर जसा होतो, समजली आहे पण अजून शब्द सापडलेले नाहीत, तसा. रंग इतके ताजे होते की मी नकळत हात मागे घेतला, ओले असतील म्हणून. दिवेवालीच काही शतकांची. हा तिच्याहून कितीतरी जुना, तिच्या आधीच्या लोकांचा, ज्यांचा देव कोणता आणि प्रार्थना कोणती याची आज एक ओळ शिल्लक नाही. ते काय मानत होते ते गेले. मानताना त्यांचा चेहरा कसा होत होता, ते राहिले.

फळी जड होती, पण दोघांनीही खाली ठेवूया म्हटले नाही. शेवटी मीच म्हटले, आणि ती ठेवल्यावर मी शिडीवर चढले. तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती पाहून मी शिडीवरच बसले.

जुन्या गिलाव्यावर नवा गिलावा चढवायचा असेल तर आधी जुन्यावर टाचे मारतात. टोकदार हातोडीने जागोजाग खळगे पाडतात, म्हणजे नवा चुना त्यांत दात रोवून बसतो. हे न करणाऱ्याला गवंडी म्हणत नाहीत. जुन्या चित्राचा जेवढा भाग उघडा पडला होता त्यावर असे टाचेच टाचे होते. गळ्याशी, खांद्यांवर, मागच्या झाडाच्या पानांवर, पावसाच्या सरीसारखे दाट. पण सर चेहऱ्याशी येऊन थांबली होती. हनुवटीच्या खाली टाचा, कानाच्या पलीकडे टाचा, केसांच्या रेषेपर्यंत टाचे. चेहऱ्यावर एकही नाही.

मी खाली उतरून दोघांना ते समजावले. यजमान चष्मा पुसत राहिले. म्हणाले, म्हणजे त्याने चेहरा वाचवला. मी म्हटले, वाचवला कसला, झाकायला तर तो आलाच होता. नव्या लोकांनी जुन्यांचं पुसायला नेमलेला माणूस तो.

बाळ म्हणाला, "त्याचा हात चालला नाही, ताई."

आणि तो हात चालला नाही म्हणूनच तिथला गिलावा धरला नाही. आपण टाचे मारले नाहीत तर इथे कधीतरी पोकळी धरणार, हे त्या गवंड्याला ठाऊक होते. तुकडा उलटा केला तेव्हा पाहिले, तेवढ्याच जागेत त्याने चुन्यात तागाचे धागे दुप्पट घातले होते, आणि चुना बाकीच्यापेक्षा जास्त मळला होता. जखम केल्याशिवाय धरून राहावे म्हणून जे जे करता येईल ते त्याने केले होते. त्या चेहऱ्याचा धर्म त्याचा नव्हता. बहुधा तो त्याला खोटाच वाटत असेल. तरी शतकानुशतके ती भिंत त्याच्या शब्दावर उभी होती, आणि तो शब्द कोणी ऐकलेलाही नव्हता.

त्या दिवशी घरी येताना मला रस्ता नवा वाटला. पाववाल्याचे दुकान, सायकलींची रांग, खिडकीतून चादर झटकणारी बाई, सगळ्यांच्या खाली कोणीतरी आहे आणि कोणाचा तरी हात त्यांच्यापाशी थांबला आहे, असे वाटत राहिले. ही श्रद्धा की ज्ञान, हे मला तेव्हा ठरवता आले नाही, आजही येत नाही. मी त्याला आनंद म्हणत आले आहे.

मग भांडण झाले, ते होणारच होते. यजमान म्हणाले, चेहरा उघडा राहिला पाहिजे. एकदा दिसलेले पुन्हा झाकणे हा अडाणीपणा. बाळ म्हणाला, गेल्या महिन्यात मूल गमावलेली बाई रोज दिवेवालीपुढे येऊन बसते आहे, तिला मी छातीला भोक पडलेली भिंत दाखवू का? प्रार्थनाघराच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, उघडा ठेवा आणि तिकीट लावा. एवढ्यावर मात्र मेहुणे-मेहुणे एका आवाजात नाही म्हणाले, आणि त्यानंतर ते एकमेकांशी थेट भांडू लागले. ही मी प्रगतीच समजले.

निर्णय माझ्यावर आला. चेहरा काही दिवस उघडा ठेवला. गाव येऊन पाहून गेले. ती मूल गमावलेली बाईही आली. तिने बराच वेळ पाहिले आणि बाळला विचारले, हे आधीपासून आत होतं? तो हो म्हणाला. ती म्हणाली, "मग मी इतके दिवस दोघांपुढे बसत होते." आणि जागेवर जाऊन बसली.

ते ऐकून मी तुकडा परत बसवायचे ठरवले. टाचे मी मारले नाहीत. फक्त कडेच्या जुन्या खळग्यांत चुना भरून त्यावर तुकडा टेकवला. चेहऱ्यासमोर बोटभर हवा ठेवली. यजमानांनी मला विचारले, हे किती टिकेल? मी म्हटले, तुमच्या-माझ्यानंतरही टिकेल, पण कायमचे नाही. ते रागावून घरी गेले, आणि काही आठवडे मीठही मागेनात.

पुढे निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी प्रार्थनाघरात जाऊन बसू लागले. मी विचारले, अहो, हे काय नवीन? म्हणाले, चेहरा बघत बसतो. मी म्हटले, तो तर आत आहे, दिसत नाही. म्हणाले, मी पाहिलाय. हा विश्वास नव्हे, ही आठवण आहे. बाळ शेजारीच बाक पुसत होता. तो म्हणाला, दाजी, विश्वास म्हणजे तरी काय, कोणीतरी पाहिलेलं आठवत राहणं. त्यावर दोघे अंधार पडेपर्यंत वाद घालत बसले. दोघांतला कोणीही शेवटपर्यंत बदलला नाही. फक्त एकमेकांचे कुठे चुकते ते दाखवताना त्यांचा आवाज खाली आला.

तेव्हा या कलमाची अट अशी. तो तुकडा कधीतरी पुन्हा सुटेल. भिंत बोलू लागली की माझ्या शिष्येने, किंवा तिच्या शिष्येने, तो उतरवावा, गावाला चेहरा दाखवावा, आणि पुन्हा बसवावा. टाचे कोणीही मारू नयेत. लवकर सुटले म्हणून कोणी मला नावे ठेवली तर ठेवू द्यावीत. मी त्या गवंड्याच्या रांगेत आहे आणि तिथे मी खूष आहे.

कलम पाचवे. यजमानांचे सुखावरचे अपुरे पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावे. ते कोणी पुरे करू नये. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले की प्रत्येक काळ आधीच्याला मूर्ख समजून त्याच्यावर नवा थर देतो, हे मी आयुष्यभर शिकवलं. पण थर देणाऱ्याचा हात कुठे थांबला, ते मी कधी मोजलंच नाही. मग म्हणाले, "इतिहास बहुधा तिथे असतो." ही खंत नव्हती. एखाद्याला भेट मिळावी तसे ते हसत होते. हे वाक्य पुस्तकाच्या शेवटी घालू नये. ते मला सांगितलेले होते. इथे लिहिले, कारण मी गेल्यावर ते कोणाकडेच उरणार नाही, हे मला सोसवत नाही.

कलम सहावे. माझ्या देहाचे जे सोयीचे असेल ते करावे. दगडावर नाव नको. माझ्या कामावर मी कधी नाव घातले नाही. भाषण कोणी करू नये, विशेषतः मंडळाच्या अध्यक्षांनी. तिकिटाबद्दल मी त्यांना क्षमा करते. त्याची पावती मिळणार नाही.

कलम सातवे, आणि शेवटचे. आता माझा भाऊ.

मागच्या आठवड्यात तो आला होता. मी त्याला म्हटले, सगळ्यांचं ठरलं, तुला काय देऊ ते सांग. अंगणाला लागून असलेला जमिनीचा तुकडा आहे, यजमानांची चांगली खुर्ची आहे, आईच्या बांगड्या आहेत. तो शेंगा सोलत बसला होता. हो-नाही करेना. मग विचारले, कागदावर साक्षीदार कोण? मी म्हटले, एक डॉक्टरीणबाई, दुसरा अजून ठरायचा आहे.

"मला साक्षीदार कर, ताई."

मी त्याला समजावले की वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. दोन्ही जमायचे नाही. तो म्हणाला, मग बरंच झालं, देऊ नकोस. मी चिडून विचारले, साक्षीदाराला मिळतं काय रे?

तो शेंगा बाजूला ठेवून म्हणाला, "समोर असायला मिळतं."

त्याला मी लहानपणापासून ओळखते आणि त्या क्षणी तो मला संपूर्ण नवा दिसला. मी उठून चहा ठेवला.

म्हणून जमिनीचा तुकडा घराबरोबर भाचीला, बांगड्याही तिलाच, खुर्ची शिष्येला. आणि मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला या मृत्युपत्राने, पूर्ण विचारांती, त्याच्या स्वतःच्या मागणीवरून, काहीही देत नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचून पाहिले, आणि ते माझ्या मनासारखे उतरले आहे.

स्थळ: माझे राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी, ऊन टेबलावर असताना.

(सही) लिहून देणारी, भिंती दुरुस्त करणारी

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीणबाई. बाईंची तपासणी मी आज केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. वजाबाकी सोडून.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. सही करताना तिने एकदा वर पाहिले. मी समोर होतो.